पिवळ्या स्फटिकांचे आचार्य

प्रफुल्लचंद्र रे हे नाव आपल्यापैकी बहुतेकांना एका मार्कापुरतं माहीत असतं. भारतीय रसायनशास्त्राचे जनक कोण? चार पर्याय, एक टिक, पुढचा प्रश्न. पण जनक म्हणजे त्यांनी नेमकं केलं काय, असं कुणी विचारलं तर पहिल्या बेंचपासून शेवटच्या बेंचपर्यंत सगळे गप्प! फार तर एखादा सांगेल की त्यांनी औषधांची कंपनी काढली. ती काढलीच. पण त्याआधी आणि त्याच्या जोडीने त्यांनी एक असं काम केलं, जे आपण बारावीच्या सॉल्ट अॅनालिसिसमध्ये रोज करायचो आणि रोज त्यात चीटिंग करायचो. समोर आलेला पदार्थ नेमका काय आहे, हे त्या पदार्थालाच विचारणं.

आता हा माणूस बंगालचा, मग आपल्या मराठी विभागात कशाला, असं संपादक मंडळ म्हणेल. त्याचं उत्तर म्हणजे आपले नामदार गोखले. ते कलकत्त्यात रेंच्या शेजारी राहायचे, त्यामुळे ते या लेखात पुढे येणारच आहेत. शिवाय मुंबईत प्रभादेवीचा एक भाग बेंगाल केमिकल याच नावाने ओळखला जातो. तिथून बसने जाणाऱ्या कितीजणांना हे नाव कुठून आलं ते माहीत असेल? रेंच्याच कंपनीने १९३८ साली मुंबईत कारखाना काढला, त्याची ही खूण.

प्रफुल्लचंद्रांचा जन्म २ ऑगस्ट १८६१ रोजी राडुली या गावी झाला. तेव्हा ते जेसोर जिल्ह्यात होतं, आज बांगलादेशात आहे. वडील हरिश्चंद्र हे जमीनदार, पण पुस्तकांचे शौकीन, घरात स्वतःची लायब्ररी. नऊ-दहा वर्षांचे असताना मुलाला शिक्षणासाठी कलकत्त्याला आणलं, हेअर स्कूलमध्ये घातलं. आणि १८७४ साली आमांशाने मुलगा असा आजारी पडला की शाळाच सुटली. जवळजवळ दोन वर्षं घरी! आपल्याकडे असं झालं तर वर्ष वाया गेलं म्हणून घरात सुतक पडेल. या मुलाने वडिलांची लायब्ररी वाचून काढली. पोट मात्र कायमचं बिघडलं ते बिघडलंच. पुढे आयुष्यभर मोजकं जेवण, ठरलेली वेळ, संध्याकाळी मैदानावर फेरी. आपल्या मेसच्या भाजीवर ते एक आठवडासुद्धा टिकले नसते असं वाटतं.

पुढे ते ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या मेट्रोपॉलिटन इन्स्टिट्यूशनमध्ये गेले. तिथे फी कमी, पण सायन्सची सोय नव्हती. म्हणून केमिस्ट्रीच्या लेक्चरला बाहेरचा विद्यार्थी म्हणून प्रेसिडेन्सी कॉलेजमध्ये जाऊन बसायचे. तिथे अलेक्झांडर पेडलर नावाचे प्राध्यापक वर्गात प्रयोग करून दाखवायचे, आणि ते प्रयोग पाहून या साहित्याच्या वेड्या मुलाचं मन केमिस्ट्रीकडे वळलं. १८८२ मध्ये गिलख्रिस्ट स्कॉलरशिप मिळाली. त्या वर्षी ती मिळालेला दुसरा विद्यार्थी मुंबईचा, बहादुरजी आडनावाचा पारशी होता. रे एडिंबरोला गेले, क्रम ब्राउन यांच्या हाताखाली शिकले, १८८५ मध्ये बी.एस्सी. आणि १८८७ मध्ये डी.एस्सी. झाले. विषय होता तांबं आणि मॅग्नेशियम यांच्या गटातल्या धातूंचे जोड-सल्फेट. म्हणजे सुरुवातीपासूनच इनऑरगॅनिक! मधल्या काळात भारतातल्या ब्रिटिश राज्यावर टीका करणारा एक निबंधही स्पर्धेसाठी लिहिला. स्कॉलरशिपवर राहणाऱ्या मुलाने असा निबंध लिहायला डेरिंग लागतं.

१८८८ मध्ये परत आले आणि खरी परीक्षा सुरू झाली. डी.एस्सी. हातात आणि नोकरी नाही. सरकारी कॉलेजांत वरची श्रेणी विलायतेतून नेमलेल्यांसाठी, खालची प्रांतिक श्रेणी आपल्या लोकांसाठी. काम तेच, पगार कमी. जवळजवळ वर्षभर ते मित्राकडे राहिले. मित्र कोण, तर जगदीशचंद्र बोस! शेवटी १८८९ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात तात्पुरते असिस्टंट प्रोफेसर म्हणून लागले, महिना २५० रुपये. त्या वेळी ही रक्कम लहान नव्हती, पण त्याच कामाचे गोऱ्या प्राध्यापकाला मिळणारे पैसे बघितले की मग समजतं.

सुरुवातीला त्यांनी काय संशोधन केलं? कलकत्त्याच्या बाजारातल्या तुपातली आणि मोहरीच्या तेलातली भेसळ तपासली. कुणालाही भारी वाटणार नाही असा विषय. पण हवं ते तेल स्वतःसमोर काढून घ्यायचं, तूप स्वतःसमोर कढवून घ्यायचं, आणि मग बाजारातल्या मालाशी ताडून बघायचं, अशी कडक पद्धत. १८९४ मध्ये हे काम छापून आलं. त्याच वर्षी प्रेसिडेन्सीला नवी केमिकल लॅबोरेटरी मिळाली. आणि मग १८९६ साल उजाडलं.

इथे जरा थांबूया, कारण हाच या लेखाचा गाभा आहे.

रेंना कॅलोमेल बनवायचं होतं. कॅलोमेल म्हणजे मर्क्युरस क्लोराइड, तेव्हाचं एक चालणारं औषध. त्यासाठी मधली पायरी म्हणून मर्क्युरस नायट्रेट भरपूर पाहिजे होतं. कृती साधी. पारा जास्त घ्यायचा, पातळ नायट्रिक अॅसिड थंडच ठेवायचं, आणि दोन्ही एकत्र सोडून द्यायचे. पारा जास्त असला की तो अर्धवटच ऑक्सिडाइज होतो, म्हणजे +१ वर थांबतो. अॅसिड तीव्र, गरम आणि जास्त असलं तर तो +२ पर्यंत जातो आणि मर्क्युरिक नायट्रेट मिळतं. एवढं आपण पाठ केलेलंच असतं.

थोड्या वेळाने बघतात तर पाऱ्यावर पिवळे स्फटिक जमलेले! अपेक्षित पदार्थ तर रंगहीन असतो.

आता आपण काय केलं असतं? जर्नलमध्ये अपेक्षित निरीक्षण लिहून सही घेतली असती. जरा हुशार विद्यार्थी म्हणाला असता की हे बेसिक सॉल्ट असणार, कारण पाऱ्याचे बेसिक नायट्रेट पिवळे असतात हे पुस्तकात आहे. रेंच्या मनातही पहिल्यांदा तेच आलं. पण लगेच शंका आली. बेसिक सॉल्ट तयार होतं ते अॅसिड कमी पडलं की, पाण्याने पातळ केलं की. इथे तर आजूबाजूला अॅसिडच अॅसिड. अशा जागी बेसिक सॉल्ट कसं टिकेल? म्हणजे रंग एक सांगतोय आणि परिस्थिती दुसरंच सांगतेय. तेव्हा त्यांनी पदार्थाची टेस्ट घेतली, आणि प्राथमिक टेस्टमध्येच दोन गोष्टी कळल्या. हे मर्क्युरस सॉल्ट आहे, आणि हे नायट्राइट आहे. मर्क्युरस नायट्राइट!

हे कसं ओळखतात, ते आपल्या भाषेत सांगते. पारा +१ आहे की +२, हे बघायला क्लोराइड घालायचं. +१ असेल तर पांढरं कॅलोमेल खाली बसतं, +२ असेल तर मर्क्युरिक क्लोराइड विरघळलेलंच राहतं. त्या पांढऱ्या साक्यावर अमोनिया टाकला की तो काळा पडतो, कारण +१ चा पारा मोडून अर्धा धातूरूपात म्हणजे शून्यावर येतो आणि अर्धा +२ वर जातो. तो बारीक सुटा पारा काळा दिसतो. एकाच टेस्टट्यूबमध्ये एकाच मूलद्रव्याच्या तीन ऑक्सिडेशन स्टेट, आणि पुरावा म्हणून डोळ्यांना दिसणारा रंग. नायट्राइटचंही तसंच. पातळ अॅसिड टाकलं की तपकिरी धूर निघतो, नायट्रेटमधून तो तसा निघत नाही. पोटॅशियम परमँगनेटचा जांभळा रंग नायट्राइट घालवून टाकतं, कारण त्यातला नायट्रोजन +३ वर असतो, त्याला +५ पर्यंत चढायला अजून जागा असते. नायट्रेटमधला नायट्रोजन आधीच +५ वर बसलेला, तो बिचारा आणखी कुठे जाणार?

हिशोब करून बघा. नायट्रिक अॅसिडमधला नायट्रोजन +५ चा +३ झाला, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन घेतले. ते दिले कुणी? पाऱ्याच्या दोन अणूंनी, प्रत्येकी एक. दोघेही +१ झाले. जमाखर्च जुळला. वही-पेनाने हे आज पाच मिनिटांत होतं. पण १८९६ साली इलेक्ट्रॉनचा शोधच जाहीर व्हायचा होता, हे लक्षात घ्या! तो पुढच्या वर्षीचा. रेंच्या हातात होती तराजू, टेस्टट्यूब आणि शंका.

यात आश्चर्य कशाचं? मर्क्युरस आयन हा स्वतःच डळमळीत, संधी मिळाली की पारा आणि मर्क्युरिक असा फुटतो. नायट्राइट हे अॅसिडमध्ये टिकत नाही म्हणून प्रसिद्ध. दोन नाजूक तब्येतीची माणसं, आणि त्यांचा संसार अॅसिडमध्ये सुखाने चाललाय! कोणत्याही पुस्तकाने हे प्रॉडक्ट अपेक्षित म्हणून लिहिलं नसतं. एशियाटिक सोसायटी ऑफ बेंगालच्या जर्नलमध्ये हे छापून आलं, आणि त्याच वर्षी लंडनच्या नेचरने दखल घेतली. पॅरिसच्या बर्थेलोंपासून अनेकांनी कौतुकाची पत्रं पाठवली. पुढे १९८०च्या दशकात एक्स-रेने या स्फटिकाची रचना बघितली गेली, तेव्हा पाऱ्याचे दोन अणू एकमेकांना धरून बसलेले आणि सोबत नायट्राइटचे गट, असंच चित्र निघालं. ( प्रयोग हॉस्टेलवर करून बघू नका. पाऱ्याची वाफ आणि तपकिरी धूर दोन्ही विषारी आहेत, आणि वॉर्डन सर त्याहून! )

इथून पुढे नायट्राइट हा त्यांचा ध्यासच झाला. त्यातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण अमोनियम नायट्राइटचं. याच्यात नायट्रोजनचे दोन अणू, एक −३ वर आणि एक +३ वर. जरा गरम केलं की दोघांची बेरीज शून्य होते आणि नायट्रोजन वायू व पाणी उरतं. म्हणून सगळ्यांची समजूत अशी की याची वाफ करणं शक्यच नाही, त्याआधीच ते फुटणार. रेंनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी निर्वात जागेत, कमी तापमानाला, हळूहळू ते उडवून दाखवलं आणि त्याच्या वाफेची घनताही मोजली. १९१२ मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीत त्यांनी हे मांडलं तेव्हा सर विल्यम रॅम्झे यांनी अभिनंदन केलं.

सगळंच असं पक्कं निघालं का? नाही, आणि ते लपवायचं कारण नाही. १९२०च्या दशकात त्यांनी प्लॅटिनमच्या गंधकयुक्त संयुगांवर काम केलं आणि प्लॅटिनमची व्हॅलन्सी कशी बदलत जाते यावर लेख लिहिले. पद्धत अशी की पदार्थात प्लॅटिनम किती टक्के, गंधक किती टक्के, हे काढायचं आणि त्यावरून व्हॅलन्सीचा आकडा ठरवायचा. पण गंधक हा भलताच लबाड गडी. तो दोन धातूंच्या मध्ये पूल बनून बसतो, स्वतःशीच जोडी जमवतो. नुसत्या टक्केवारीवरून धातूची ऑक्सिडेशन स्टेट सांगता येत नाही, हे आज आपल्याला माहीत आहे. माझ्या मते पाऱ्याच्या वेळी त्यांच्याकडे पदार्थाला थेट विचारायच्या टेस्ट होत्या, प्लॅटिनमच्या वेळी तशा नव्हत्या. फरक एवढाच.

आता कंपनीकडे वळू. अप्पर सर्क्युलर रोडवरच्या ९१ नंबरच्या भाड्याच्या घरात, सातशे-आठशे रुपयांच्या भांडवलावर, १८९२च्या सुमारास त्यांनी औषधं बनवायला सुरुवात केली. दिवसा कॉलेज, संध्याकाळी कारखाना. सोडियम फॉस्फेट बनवायला फॉस्फरस पाहिजे, तो आणायचा कुठून? जनावरांच्या हाडांतून! खाटकांकडून हाडं आणून गच्चीवर वाळत टाकली. कावळ्यांना मेजवानी, आणि शेजाऱ्यांच्या घरात हाडांचे तुकडे. सोवळ्यातल्या शेजाऱ्यांनी इतका आरडाओरडा केला की हाडं गावाबाहेर नेऊन जाळावी लागली. त्या राखेवर सल्फ्युरिक अॅसिड टाकायचं, आणि मग सोडा. गंमत म्हणजे या सगळ्या खटाटोपात फॉस्फरसची ऑक्सिडेशन स्टेट जराही हलत नाही. हाडात +५, औषधातही +५. फक्त जोडीदार बदलतो. वडीगोद्रीच्या शिवारात कापसाला आणि उसाला सिंगल सुपर फॉस्फेटच्या गोण्या पडतात, ते खतही याच रिअॅक्शनचं. हाडांऐवजी फॉस्फेटचा खडक, एवढाच बदल. उलट साखर कारखान्यात उसाचा रस साफ करायला गंधक जाळतात, तिथे मात्र गंधक शून्यावरून +४ ला जातो. प्रत्येक रिअॅक्शन रेडॉक्स नसते, हे व्हायवाला विचारतात आणि आपण हमखास चुकतो!

या कामात घाव बसले. जोडीदार डॉ. अमूल्यचरण बोस १८९८ मध्ये प्लेगने गेले. सतीशचंद्र सिंह हा तरुण केमिस्ट काम करताना हायड्रोसायनिक अॅसिडच्या विषाने गेला. दुसरा कुणी असता तर कुलूप लावलं असतं. १९०१ मध्ये रेंनी तिची लिमिटेड कंपनी केली : बेंगाल केमिकल अँड फार्मास्युटिकल वर्क्स. स्वतःसाठी त्यातून गडगंज काही केलं नाही.

याच सुमारास नामदार गोपाळ कृष्ण गोखले कौन्सिलच्या कामासाठी कलकत्त्यात राहू लागले, आणि रे त्यांचे शेजारी. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलेला एक आणि केमिस्ट्री शिकवणारा दुसरा, दोघांचं जमलं यात नवल नाही. १९०२च्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेहून आलेले एक तरुण बॅरिस्टर महिनाभर गोखल्यांकडे उतरले होते. मोहनदास गांधी! गोखल्यांनी रेंची ओळख करून दिली ती अशी की हे महिना आठशे रुपये मिळवतात, स्वतःसाठी चाळीस ठेवतात आणि बाकीचे लोकांच्या कामाला देतात, लग्न केलेलं नाही आणि करायचंही नाही. गांधीजींनी हे आत्मकथेत नोंदवलं आहे. कलकत्त्यात अल्बर्ट हॉलमध्ये गांधीजींची सभा भरवण्यात रेंचाच पुढाकार होता.

बर्थेलोंच्या प्रोत्साहनाने त्यांनी आणखी एक मोठं काम हाती घेतलं. हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास. पहिला खंड १९०२, दुसरा १९०९. जुन्या संस्कृत पोथ्या मिळवून, वाचून, त्यांतल्या पाऱ्याच्या आणि धातूंच्या कृती त्यांनी तपासल्या. या विषयातला रसरत्नसमुच्चय हा मोठा ग्रंथ आपल्या पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९०च्या सुमारास छापलेला होता, हे मुद्दाम सांगते. रे नुसतं आमच्याकडे सगळं होतं म्हणून छाती फुगवत बसले नाहीत. हाताने काम करणाऱ्या जातींना विद्येपासून तोडलं म्हणून आपलं प्रयोगशास्त्र मेलं, असंही त्यांनी त्याच पुस्तकात स्पष्ट लिहिलं. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये हे कधी कुणी सांगितलं नाही, आणि जिथे प्राचीन विज्ञानावर भाषणं होतात तिथेही हा भाग सोयीने गाळला जातो.

१९१६ मध्ये प्रेसिडेन्सीतून निवृत्त होऊन ते कलकत्ता विद्यापीठाच्या नव्या सायन्स कॉलेजात केमिस्ट्रीचे पहिले पालित प्रोफेसर झाले. सत्येंद्रनाथ बोस, मेघनाद साहा, ज्ञानचंद्र घोष, नीलरतन धर ही त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं. १९२१ मध्ये साठी झाली, तेव्हापासून पगार विद्यापीठालाच देऊन टाकला. १९२२ मध्ये उत्तर बंगालात पूर आला तर हे लॅब सोडून मदतकार्यात. १९२४ मध्ये इंडियन केमिकल सोसायटी निघाली, तिचे पहिले अध्यक्ष तेच. सर ही पदवी १९१९ मध्ये मिळाली होती. अंगावर मात्र साधे जाडेभरडे कपडे, पुढे खादी.

राहायला सायन्स कॉलेजमध्येच एक खोली. खाट, टेबल, पुस्तकांची कपाटं. एकाच वेळी काही गरीब विद्यार्थीही त्यांच्यासोबत राहायचे. म्हणजे एका अर्थाने ते कायमचे हॉस्टेलाइटच! १९३६ मध्ये प्रोफेसरपद सोडलं तरी खोली सोडली नाही. १६ जून १९४४ रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, लॅबपासून काही पावलांवर असलेल्या त्याच खोलीत ते गेले.